उलटा जाळ

टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
कोशाचं आमचं ऑफिस.
सोमवारी टेबलावर आलेलं कार्ड: फ्लॅशबॅक.
नाम, पुल्लिंगी. प्रतिशब्द व उदाहरणे शुक्रवारपर्यंत.
गद्रे सरांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, पूर्वदृश्य,
आणि पुढं एक बारीक प्रश्नचिन्ह
त्यांच्या आवाजाएवढं.

पहिला अर्थ सोपा.
नायिका खिडकीशी उभी राहते,
पडदा ढवळलेल्या पाण्यासारखा हलतो,
सतारीचा एक तुकडा,
आणि तीच बाई दोन वेण्यांत.
थिएटरच्या अंधारात आई मला कोपरानं ढोसायची,
"हे आधीचं बरं का, आत्ताचं नाही."
आधीचं आधीच्या जागी, आत्ताचं आत्ताच्या,
डाळ एका डब्यात, तांदूळ दुसऱ्या.

दुसरा अर्थ ऑफिसातल्या पुस्तकांत धड सापडेना,
म्हणून भोसरीची बस धरली.

बाबा ओट्याशी स्टुलावर, लसूण सोलत.
कार्ड वाचून दाखवलं.
"फलॅशबॅक? अगं, जाळ मागं फिरतो तो."
लसणाचा गड्डा टॉर्चसारखा धरून म्हणाले,
"तोंडाशी जळायचा तो नळीत शिरतो,
नळीतनं उलटा सिलिंडरकडं.
आधी फट्, मग शिट्टी.
शिट्टी आली की विचार करत बसायचं नाही, कुंदे.
आधी ऑक्सिजन बंद, मग गॅस."

मी लिहून घेत होते.
"आणि तो जाळ अडवणारा काही भाग असतो ना?"
"असतो की. अरेस्टर. एवढासा, पितळी.
मालक पुढच्या महिन्यात आणणार होता."

पुढचा महिना आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.
फळीवर स्टीलचा एक डबा आहे,
झाकणावर कोरलेलं: जै. म. शिकलगार.
जैनुद्दीनचाचा त्या दिवशी डबा बाबांच्या सायकलला लावून
शेडमध्ये शिरले.
आई त्यात हळद ठेवते.
नाव घासलं जाऊ नये म्हणून
झाकण कधी राखेनं घासत नाही.

मराठीत आठवण येते.
आपण जात नाही, तीच येते,
चप्पल दाराशी काढून, पाणी मागून,
कधी उचकीतून, कधी कुणाच्या लुगड्याच्या वासातून.
थोडा वेळ बसते, बरंय म्हणते, जाते.
मला वाटायचं, येण्याची रीत एवढीच.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

बाबांचा उजवा हात वर गेला.
स्टूल मागं पडलं, लसूण फरशीभर.
हवेत, छातीच्या उंचीवर, नसलेली चावी
त्यांनी फिरवली, घट्ट, पार घट्ट,
आणि हात दुसऱ्या चावीकडं निघाला
तो मध्येच राहिला.
डोळे माझ्यावरच होते.
पण मी तिथं नव्हते,
ओटा नव्हता, भोसरी होती पण ही नव्हती,
एकोणतीस वर्षं नव्हती.
पडदा हलला नाही. सतार वाजली नाही.
आधीचं बरं का, असं सांगायला
शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

नंतर त्यांनी स्वतःच लसूण वेचला.
"कितव्यांदा झाली शिट्टी?" विचारलं.
मी म्हटलं, पहिलीच.

शुक्रवारी कार्ड सरांच्या पुढं ठेवलं.
एक: पूर्वदृश्य.
दोन: उलटा जाळ.
तीनच्या पुढं प्रतिशब्द नाही, नुसतं उदाहरण:
कुकरची शिट्टी झाली आणि बाबांनी ऑक्सिजन बंद केला.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. पुन्हा वाचलं.
पेन्सिल दोनच्या अर्थाशी नेली, तिथून तीनच्या उदाहरणाशी.
कोशात क्रम चुकलेला त्यांना चालत नाही.
"आणि गॅस?"

गॅस मी बंद केला, सर.