भाता

बाजारात बुधवारी घेतला, पस्तीस पौंडांना.
विकणारा म्हणाला, शोभेला ठेवा, बाई, चालत नाही.
महोगनीची पेटी, पितळी बिजागऱ्या, आणि मधे
घड्याघड्यांचा काळा भाता, एका अंगाला कललेला.
पट्टीवर कोरलेलं: थॅकवेल अँड सन, बर्मिंगहॅम.
म्हणजे हेच. एकतीस वर्षं मी इथे राहते,
त्यातली पंचवीस लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढले,
आणि या गावात कॅमेरे बनत, हे मला माहीत नव्हतं.
काखेत कळसा.

तेव्हापासून मंगळवार ग्रंथालयाचा.
चौथा मजला. पेन्सिल चालते, पेन नाही.
पाण्याची बाटली बाहेर.
व्यापाऱ्यांच्या जुन्या याद्यांत बोट फिरवत जायचं:
थॅकवेल, ईनॉक, सुतार.
सहा वर्षांनी: थॅकवेल, ईनॉक, कॅमेरे व पेट्या.
मग अँड सन, मग 'राजघराण्यास पुरवठा',
कुठल्या राजघराण्यास ते सांगितलेलं नाही.
आणि एका वर्षी त्याच पत्त्यावर
सायकलच्या घंट्या.
आता तिथे गाड्या लावतात, तासाला तीन पौंड.
मी भिंतीच्या विटा बघत राहिले
आणि दंड भरून आले.

रात्री लेकीचा फोन: आई, आज काय उजेड पाडलास?
इथे जन्मून हा एक वाक्प्रचार मात्र ती नीट शिकली.

अठराशे एक्क्याऐंशीची शिरगणती.
कारखान्यामागचं आवार, घर तिसरं:
केझाया यार्नोल्ड, विधवा, वय चौतीस, मुलं दोन,
धंदा: भाते करणारी.
मोजणाऱ्या कारकुनानं आधी 'लोहाराचे' लिहून
मग खोडलंय.
मलाही तेच वाटलं असतं. भाता म्हटलं की
निखारा फुलला पाहिजे.
हिचा भाता उलट्या जातीचा:
चामडं तासायचं, कापड चिकटवायचं, घडीवर घडी,
आत उजेडाची टाचणीसुद्धा जाता कामा नये.

फोटोग्राफर क्लीबरीच्या खातेवहीत एक ओळ:
थॅकवेलचे कामगार, अंगणात, काचा दोन,
येणे बारा शिलिंग.
पुढच्या पानावर येणे बारा शिलिंग.
त्याच्या पुढच्याही.
पैसे शेवटपर्यंत आले नाहीत, म्हणून काच
त्याच्याकडेच राहिली, आणि म्हणून आपल्याकडे आहे,
असं ऑर्व्हिल म्हणाला, हातमोजे चढवत.

त्यानं ती उजेडाच्या टेबलावर ठेवली.
एकोणीस पुरुष, एक कुत्रा.
काचेवर सगळं उलटं: चेहरे काळे, कोट पांढरेफेक,
लग्नाच्या बँडसारखे उभे.
बाई एकही नाही.
वरच्या खिडकीत तेवढा एक डाग,
काहीतरी हललेलं.
तीच असणार, ऑर्व्हिल हळूच म्हणाला.
मी म्हटलं, पडदाही असेल.
मजुरीच्या कागदावर सहा बायका आहेत.
एकीचं नाव लावलं तर पाचजणींना
खिडकीतून ढकलल्यासारखं होईल.
त्याला ते पटलं नाही. मलाही,
बसमध्ये बसल्यावर, पुरतं पटलं नाही.

घरी सगळे दिवे घालवले.
भात्याची भोकं अशीच शोधतात:
आत टॉर्च, बाहेर आपण.
एका कोपऱ्यातून उजेड गळत होता,
मोहरीएवढा.
दुसऱ्या कोपऱ्यात आतून ठिगळ,
वाण्याच्या पावतीचा तुकडा, सरसानं बसवलेला:
साखर, आणि खाली अर्धवट, मेणबत्त्या दोन.
बाकीच्या घड्या मी बोटानं मोजल्या.
छत्तीस. दोनदा मोजल्या.
एकीतूनही काही निसटत नव्हतं.

लेकीला कळवलं,
उजेड नाही गं,
आज अंधार सापडला, कुणीतरी हातानं केलेला,
अजून टिकलाय.

तिचं उत्तर आलं: जेवलीस का?