काठ

वडगावातले माग नऊला थांबतात.
माझं मशीन थांबत नसे.
"फॉलच तर लावायचाय गे, घरचीच की तू,"
म्हणत इंदूवन्सं उंबऱ्यात पिशवी ठेवून जायच्या
आणि मी भाकरी परातीत सोडून
सुईत दोरा ओवायची.

नको म्हणायला तोंड उघडलं
की त्याचं "बरं, ठेवा" व्हायचं.

शेजारच्या निंगव्वाचा जन्म मागावर गेला.
तिला विचारलं, साडीला काठ कशाला असतो गं?
"नाहीतर सूत सुटतं,
पार पदरापर्यंत उसवत जातं."
मग हसून म्हणाली,
"तुझ्या भाषेत जमत नाही तर माझ्यात म्हण.
साकू. पुरे."

परवा म्हटलं.
"साकू, वन्सं. उद्या अकराला या."
हात थरथरत होता,
कडी मात्र लागली.
त्या रात्री भाकरी गरम खाल्ली.

वन्सं चार दिवस बोलल्या नाहीत.
पाचव्या दिवशी आल्या,
अकरा वाजून दहा मिनिटांनी, गाल फुगवून.

चौकात पाटीच्या भाषेवरून पुन्हा वाद पेटलाय.
मी माझी पाटी खडूनं दोन्हींत लिहिली:
सातनंतर बंद.

कन्नडातला एक काना निंगव्वानं
ओल्या बोटानं पुसून दिला.