साभार

मजकूर तेरा ओळींचा. खाली 'साभार'.
कुणाचे आभार, ते नाही.
दोन जोडलेले हात, एक पिवळं फूल.

अंकाचं एक पान मोकळं होतं, छपाई बुधवारी.
शिरोडकर म्हणाला, "टाक 'अनामिक' म्हणून.
सगळ्यांचंच झालंय आता ते."
सगळ्यांचं, म्हणजे बाकड्यावर विसरलेली छत्री
उचलणाऱ्याची होते, तसं.

मी उलटा चालत गेलो.
मेहुणीला तिच्या दंतवैद्याने पाठवलेलं,
त्याला मुलुंडच्या पतपेढीतल्या एका बाईंनी,
त्यांना कुणी, आठवत नाही, बहुतेक भिशीतलं.
नऊ दिवस, सतरा फोन. बुधवार कधीच गेला.
शेवटी नायगावात, भोईवाड्याच्या मागे,
तिसरा मजला, दाराला निळी जाळी:
विद्युल्लता पागधरे, निवृत्त परिचारिका.

चष्मा पुसून तिनं स्वतःचंच वाचलं,
चुकून आपल्याकडे आलेलं पत्र वाचावं तसं.
म्हणाली, "शेवटची ओळ माझी नाही.
'आणि मग सकाळ होतेच.'
हे मी कशाला लिहीन? मी रात्रपाळीची.
सकाळ झाली की मी घरी जायचे."

ज्या ओळीसाठी लोक ते पुढे पाठवत होते
ती कुणीतरी वाटेत चिकटवलेली.

"बाकी माझं. 'वार्डात' चुकलंय, पण राहू दे.
आम्ही वार्डच म्हणायचो."

मी कागद पुढे केला: सही, मानधन तीनशे, प्रती दोन.
तिनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
"पण हात तर द्वारकाचा आहे."

मजकुरात एक आया आहे.
पेशंट गेला की चादर बदलण्याआधी
ती रिकाम्या गादीवर तळहात ठेवून उभी राहते.
एवढंच आहे त्यात.

"तुम्ही माझं दार शोधत आलात.
मी तिला कुठे विचारलं?"

फोन लावला. द्वारका, गोवंडी. मागे कुकरच्या शिट्ट्या.
बाईंनी बारा ओळी वाचून दाखवल्या,
मध्येच एकदा आवाज घशाखाली उतरला.
पलीकडे कुणीतरी गॅस बंद केला.

"सिस्टर, मी काय पाया पडत नव्हते तिथं.
गादी गरम आहे का बघायचे.
गरम असली तर थांबायचे, निवली की मग चादर.
गेलेल्याच्या उबेत
दुसऱ्याला कसं झोपवायचं?"

मग जरा वेळानं:
"तुमचं आहे तसं राहू द्या. तुम्हाला तसं दिसलं.
माझं नाव घाला. पुरं घाला, द्वारका नामदेव सोनटक्के.
आणि हे गादीचं कुठं सांगायचं तर सांगा."

सांगा म्हणाली, म्हणून इथे आहे.

त्यानंतर तिनं स्पीकर बंद करायला लावला.
मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो,
खाली एक माणूस टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरवत होता.
घर एका खोलीचं, कानावर आलं ते आलंच.
ते शिरोडकरला सांगितलं नाही. इथेही नाही.
त्याचं मी विचारलेलं नाही.

अंक तीन आठवडे उशिरा निघाला.
पान एकोणचाळीस, बारा ओळी, दोन नावं.
पहिल्याच महिन्यात तीन वाचकांची तक्रार आली:
शेवटची सुंदर ओळ तुम्ही खाल्लीत.