माप

वॉपिंगचं जुनं गोदाम, फेब्रुवारी.
हीटर लावायला विसरलेत की मुद्दाम लावले नाहीत
यावरून पहिल्या रांगेत दोन तट.
मी दुसऱ्या रांगेत, खांबाआड;
मागे लिहिलेल्या एका ओळीची शिक्षा.

पेल्हॅम अँड रूक. दीडशे वर्षांचं घराणं.
घराणंच म्हणते मी. इंग्रजीत ते नुसतं घर आहे,
पण इथेही लोक कान टवकारून बसलेत
की बाई आधीच्यांच्या जागा घेते का,
की भलतीकडेच समेवर येते.

आज नवी सून आत येणार.
इऑना मॅकऑस्लन, वय एकतीस, गाव पेस्ली,
ज्या गावाच्या नावानं आपली कोयरी जगभर विकली गेली.
उंबऱ्यावरचं माप ती कसं लवंडते,
कुठल्या पायानं, जोरात की हळूच,
हे बघायला
काळ्या कपड्यांत चारशे चुलत सासवा.

तेरा कोट आले आणि गेले.
ओल्या पाटीचा रंग, चहा सांडल्याचा रंग,
कॉलर कानापर्यंत, खांदे उतरलेले
जसं कुणी नुकतंच एखादं पत्र वाचून खिशात ठेवलंय.
कोयरी एकही नाही. मनातल्या मनात एक गुण दिला.
मध्येच एक हिरवा झगा आला, तो फसला,
सांगायलाच हवं: मागून तंबूसारखा फुगत होता
आणि पोरगी त्यातून वाट काढत चालली होती.

चौदावा राखाडी.
खालच्या दुमडीवर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके,
हातभर, तसेच.
दिव्याचा झोत त्यावरून गेला नि रांग शहारली.
शेजारी मिस्टर डेलाफील्ड पुटपुटले, "धाडस."
पलीकडची म्हणाली, "घराण्याची लाज."
दोघांनी लिहून घेतलं.

मीही घेतलं असतं.
सहा वर्षांपूर्वी इथेच अ‍ॅलरिक व्हेनबद्दल लिहिलं होतं,
"कोट उत्तम आहेत, फक्त आत कोणी नाही."
मराठीत मोजले तर सात शब्द.
लोकांनी पाठ केले.
तो आता हडर्सफील्डला लोकर शिकवतो,
नाताळला न चुकता कार्ड पाठवतो.
उघडलं तर आत काही लिहिलेलं नसतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमवर गेले,
राखाडी कोट हँगरवरून काढला
आणि उलटा केला.
सुलट बाजू काय, सगळ्यांशीच गोड बोलते.

शिवणीच्या दोन्ही अंगांना
चांगलं दोन-दोन बोटं कापड
आत दाबून ठेवलेलं.
या भावाच्या लोकरीत इतकं कोण सोडतं?
शाळेच्या फ्रॉकला सोडायचे;
दर जूनला एक शिवण उसवायची
आणि मुलगी तेवढी वाढली हे मान्य करायचं.
पेल्हॅम अँड रूक तर कापतात तेच असं धरून
की त्यांचं गिऱ्हाईक आता कधी बदलणार नाही,
जाड होणार नाही, वाळणार नाही,
कोट लेकीला देणार नाही.

आणि तो पांढरा दोरा?
ती कोपऱ्यात उभी होती, गळ्यात मापाची टेप,
दोन बोटांना पट्ट्या, डोळे जागरणानं लाल.
"राहिला," म्हणाली. "पहाटेचे तीन वाजले होते. काढायचा राहिला."
मग एकदम घाबरून,
"हे छापणार का तुम्ही?"

संध्याकाळी ग्विलिमचा फोन. चांगलं की वाईट? तारे किती?
दोऱ्याबद्दल मी अवाक्षर लिहिलं नव्हतं.
झग्याबद्दल एक ओळ.
दोन बोटं कापडाबद्दल एक लांबलचक वाक्य,
फार दिवसांनी मला स्वतःला आवडलेलं.
"तीन," म्हटलं.
"तीनावरून कुणाला काही कळत नाही."
"हो ना," म्हटलं.

शनिवारी छापून आलं.
झग्याची ओळ शाबूत होती.
ते वाक्य नव्हतं. जागा कमी पडली म्हणे.
शिवणीला अगदी लागून कापलं होतं.