ऐनवेळचा विषय

तीन देशांच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिते.
टेबल गोल आहे,
तरी जो तो बसतो
आपल्या देशाकडच्या खिडकीला पाठ लावून.
मधे बिस्किटं; त्यांना आधी कोणी हात लावत नाही.
बाहेर ऱ्हाईन; ती कोणासाठी थांबत नाही.

विषय एक: ट्राम आणखी दोन थांबे पुढे न्यावी का.
विषय दोन: नेल्यास रुळांवरचा बर्फ कोणी काढायचा.
विषय तीन: रुग्णवाहिकेचा भोंगा
पुलाच्या मध्यावर कोणाच्या कायद्याने वाजतो.
तिन्हींपुढे मी लिहिते: चर्चा झाली.
माझी पेन्सिल हे दोन शब्द आता झोपेतही लिहील.

मग, अध्यक्षांच्या परवानगीने, ऐनवेळचे विषय;
आणि सँ-लुईच्या पाणी खात्यातली ओडील वुर्ट्झ
पिशवीतून मीटरचं जुनं कार्ड काढते.
दोनशे चौदा घनमीटर, म्हणते. माझ्याच हातून गेलेत.

त्या वसंतात सरहद्द बंद झाली होती, आठवतंय ना.
(कोण विसरेल? मी वाईलमध्ये राहते, कामाला बाझलला येते,
माझी छत्री आठ आठवडे परदेशात अडकली होती.)
जिथून रोज पाव जायचा, परिचारिका जायच्या,
पोरं आईस्क्रीमसाठी पळत जायची,
तिथे बांधकामावरून उचलून आणलेली जाळी.
बाझलकरांच्या परसबागा फ्रान्सच्या मातीत:
वाफे इकडे, बागवान तिकडे.
बांध कोणी रेटला नव्हता,
बांधानंच मालकाला रेटलं होतं.

बाल्ट्स गीझिन, वय एक्क्याऐंशी,
आयुष्यभर रॉटरडॅमहून कोळसा वाहिलेला नावाडी,
रोज दहाला जाळीपाशी उभा राहायचा,
नाळेवर उभं राहावं तसा.
बटाटे लावून नऊ दिवस झालेले. पाऊस नाही.

"मी नळ उघडला," ओडील म्हणते.
"वाफे एकशे बारा. नळी एकच.
तो जाळीतून ओरडायचा:
पानांवर नको, मुळाशी! मुळाशी घाल गं पोरी!
आणि ते त्या बोलीत, जी बोलली म्हणून
माझ्या आईच्या तळहातावर शाळेत पट्टी बसली होती.
घरी ती त्या बोलीत फक्त रागवायची.
मला वाटायचं, आपल्याला येत नाही.
एके दिवशी त्यानं विचारलं,
हार्डेप्फलना कोंब आले का?
म्हणजे बटाटे. मातीतली सफरचंदं.
तोंडातून निघून गेलं:
आले हो आजोबा, बोटभर."

बैठक गप्प.
कोणीतरी बिस्किट उचलतं.
पाणी फ्रान्सचं, बटाटे स्वित्झर्लंडचे,
बिल कोणाच्या नावे फाडायचं?

जर्मनीकडची सेव्गी टोप्राक, भूजलाची अभियंता,
चष्मा काढून नकाशावर ठेवते.
"खाली पाणी एकच आहे," ती म्हणते,
"वाळूत, गोट्यांत, सलग.
काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही.
मीटर लावूनही नाही दुभंगलेलं."
बाझलचा प्रतिनिधी खाकरतो.
गीझिन कुठे असतात आता?

"गेल्या हिवाळ्यात गेले.
वाफा माझ्या नावावर होत नाही,
मी बाझलची रहिवासी नाही.
पाणी घालते तेवढं."

अध्यक्ष माझ्याकडे बघतात: काय लिहिलंत?
मी 'चर्चा' लिहून खोडलेलं असतं.
टेबलाखाली ओडीलची पिशवी कलंडलेली,
गालिच्यावर दोन बटाटे, मातीसकट.
माती लागलेला माल दाखल्याशिवाय
नाक्यापलीकडे न्यायला मनाई आहे;
तो नियम याच टेबलावर झाला,
मीच टंकला.

सेव्गी बुटाच्या टोकानं
एक बटाटा हलकेच आपल्या बाजूला ओढते.

पुढील बैठक मंगळवारी.
स्थळ ठरायचं आहे.