चुक्की

उद्यमबागेत मी मापं घेते.
कडी येते, कडी जाते, मायक्रोमीटर चावतो, सोडतो.
कुठल्या उपग्रहाच्या पोटात बसणार,
हे आम्हाला कुणी सांगत नाही;
कागदावर फक्त नंबर असतो, आणि शेवटी एक रकाना: चूक.

नेमण्णा आमच्याकडे साचे करायचे.
निवृत्तीनंतर त्यांनी बंद पडलेल्या टॉकीजच्या तिकीटखिडकीची
जाड काच आणली,
तेलाच्या पिंपावर ठेवली
आणि अनगोळच्या गच्चीवर पिंपाभोवती चालू लागले.
काचेवर काच, मध्ये पाणी आणि कार्बोरंडम,
तीन घासे, एक पाऊल,
तीन घासे, एक पाऊल.
शेजारी म्हणाले, घाण्याला बैल मिळाला.
पावसाळा सरला, सुगी सरली,
काच आतून खोल होत गेली
ताटलीत उरलेल्या ताकाएवढी.

एका रात्री मला बोलावलं. खोलीत अंधार,
सुईच्या भोकातून येणारा दिवा, दाढीचं ब्लेड.
"अंगठा टेकव काचंला. हां. आता काढ, आन् हितनं बघ."
माझ्या अंगठ्याच्या उबेनं
आरशावर टेकडी उठली होती,
येळ्ळूरच्या गडाएवढी, सावलीसकट.
आम्ही दोघं न बोलता
ती विरेपर्यंत बसलो.
"केसाचे हजार भाग कर," ते म्हणाले,
"त्यातल्या एकाएवढी चूक चालती. दोन न्हाई."

बोअरवेलचा पाइप, ओतीव लोखंडाची बैठक,
चांदी चढवून आणलेला आरसा.
राजहंसगडाच्या पायथ्याशी, माघातल्या थंडीत,
आम्ही शनी धरला.
तो उजेड निघाला तेव्हा
दुसरी पाळी सुटायची होती,
मी रजिस्टरात सही करत होते.

पहिला मान वॉचमनच्या निंगव्वाचा. सहा वर्षांची,
गोकाकाकडून आलेली, मराठी अजून तोंडात बसायची होती.
रिकाम्या रंगाच्या डब्यावर उभी राहिली,
एक डोळा हातानं दाबला,
आणि ओरडली,
"चुक्कीगी बळी! यव्वा, चुक्कीगी बळी!"

चांदणीला बांगडी, म्हणत होती पोर.
पण नेमण्णांचे कान
भट्टीनं आणि घणानं कधीच खाल्लेले.
त्यांना ऐकू आलं: चुकीचा बळी.
काही बोलले नाहीत. सगळ्यांचं बघून होईपर्यंत थांबले,
मग आरसा काढला, टॉवेलात गुंडाळला,
आणि मोटरसायकलवर माझ्या मागे
तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसले.

सहा रात्री गच्चीवर दिवा, ब्लेड.
सातव्या दिवशी मी त्यांच्या कानात ओरडले,
"अहो, चुक्की! कानडीत चांदणी!"
ते हसले. दातात सुपारी.
"मला कानडी शिकवतीस व्हय गं?
माझी आई कानडीच की.
तवा ऐकू आलं न्हाई, ते खरं.
पर चूक हुतीच. कडंला.
कड खाली वाकली हुती, इवलीशी.
पोरगीनं वराडलं नसतं
तर मी परत बघितलोच नसतो."

त्या रात्री मला झोप आली नाही.
तीन वर्षांपूर्वी, मार्चअखेर, ट्रक दारात उभा,
एक कडी दोन मायक्रॉन जास्त होती.
मी रकान्यात शून्य लिहिलं.
ती कुठे गेली, कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

आता गच्चीवर कपडे काढायला गेले
की म्हातारीच्या बाजेपासून तिकांड्यापर्यंत
कधी एक ठिपका सरकत जातो,
न लुकलुकता.
मी त्याच्याकडे बघत राहते,
हातात ओलसर उशीची खोळ,
आणि निंगव्वाचा शब्द जिभेवर घेते.
एक क भरून उच्चारायचा की अर्धा गिळायचा,
ते अजून ठरत नाही.