शून्य लावल्यावर

कुताइसीत, पोस्टामागच्या बोळात माझं दुकान.
दोन यंत्रं, एक पंखा,
काचेवर पाटी : छपाई, बांधणी. उधारी विचारू नका.

सोमवारी कुलूप काढतेय तोवर
वरच्या गावचा एल्गुजा दारात.
तिकडे डोंगर दरवर्षी बोटभर खाली सरकतो
आणि जाता जाता भिंती चिरतो.
रुमालाच्या घडीतून त्यानं पेनड्राइव्ह काढला,
कोंबडीखालचं अंडं काढावं तसा.
म्हणाला, एकतीस घरं. ज्यानं त्यानं आपापलं लिहिलंय.
कचेरीला मात्र एकच हवं,
एक फाईल, एक गठ्ठा, पानांवर ओळीनं आकडे.
सुटं काही घेत नाहीत ते.

मी एकेक उघडत गेले.
कुणाचा फोटो तिरपा, कोपऱ्यात अंगठा आलेला.
कुणी नातवाकडून टाईप करून घेतलेलं
आणि अक्षरांच्या जागी नुसते चौकोन,
तोंडात खडे धरून बोलल्यासारखे.
झुझुनाबाईंनी औषधाच्या बिलामागे लिहिलेलं,
सोबत बिलही आलेलं.
'काढू का?'
'राहू दे. तेही त्यातलंच.'

सगळ्या निवडल्या. जोड म्हटलं.
यंत्रानं जोडल्या :
एक, दहा, अकरा, बारा,
थेट एकोणीसपर्यंत, आणि मग दोन.
मोजता येत नाही त्याला. पहिला आकडा बघतं
आणि भावंडं समजून शेजारी बसवतं.

एल्गुजा पडद्यावर वाकला.
पहिलं घर त्याचं. दहावं वाझाचं.
एका अक्रोडाच्या झाडावरून आठ वर्षं
दोघांत शब्द नाही,
आणि इथं चौथं पान संपतं न संपतं
तोच वाझा सुरू.

'सोपं आहे,' मी म्हटलं,
'एकाच्या आधी शून्य लावायचं, दोनाच्या आधी शून्य,
रांग सरळ होते.'
त्याचं लक्ष नव्हतं. तो वाचत होता.
वाझानं लिहिलेलं :
*स्वयंपाकघराची भेग आता एवढी झालीय
की रात्री तिच्यातून पलीकडचा दिवा दिसतो.
तोही जागाच असतो.*

गावातला रस्ता म्हणे वळसा घेतो,
एकाची पाठ दहाला लागते.
हे यंत्राला कुणी सांगितलं असेल?

बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, 'लाव शून्यं.'
मी लावली.

पुढे सतराव्या घराचं एकच पान.
दोन्ही बाजूंनी छापायचं, तर अठरावं
त्याच्या पाठीवर येणार.
मध्ये एक कोरं घातलं. असं सहा ठिकाणी.
तेविसाव्याची फाईलच नव्हती.
पोलंडला गेली ती माणसं, चावी चर्चमध्ये ठेवून.
'मग सोडून देऊ?'
'पान ठेव.'
'कोरं?'
'कोरं. पण आकडा टाक.'
मी टाकला. त्रेपन्न.
सहा कोऱ्यांपेक्षा हे वेगळं कसं दिसणार,
विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

चौऱ्याहत्तर पानं. पिन जाईना,
शेवटी दाभणानं तीन भोकं पाडली
आणि दोरा ओवला, पोत्याला घालतात तसला.
गठ्ठा यंत्रातून आल्यामुळे अजून कोमट होता.
एल्गुजानं तो कोटाच्या आत घातला,
चौदा लारी मोजून ठेवले,
दारापर्यंत गेला, परत आला.

'ते पाचवं पान,' म्हणाला,
'म्हणजे आधीचं पाचवं. शून्यं लावायच्या आधीचं.
त्याची एक सुटी प्रत मिळेल?'

मी काढून दिली.
त्याची चार घड्यांची घडी करून
त्यानं रुमालात ठेवली, पेनड्राइव्हजवळ.
किती झाले, विचारलं त्यानं.
मी पाटीकडे बोट दाखवलं,
आणि मग म्हटलं, राहू द्या.